पाच तारे आणि उघडं दार

लेबल वाचण्यात आपला हात धरणारा माणूस नंदुरबार तालुक्यात नाही! हे मी नाही म्हणत, कोरीट गावात कुणालाही विचारा. कापसाचं बियाणं असो, केळीवर मारायचं औषध असो, नाहीतर बायकोने आणलेला पापडखार असो, पिशवीवरचं अक्षर न् अक्षर वाचल्याशिवाय मी शिवण उसवू देत नाही. उगवणशक्ती किती, शुद्धता किती, मुदत कधी संपते, सगळं तोंडपाठ! मी दुकानाची पायरी चढताना दिसलो की दुकानदार कपाळाला हात लावतात.

अशा माणसाची एका वीतभर लेबलाने भर अखजीत जी शोभा केली ती ऐका, आणि तुम्हीच सांगा चूक कुणाची.

अखजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे लेकींचा सण. लेक माहेरी येते, झोका बांधते, आमरस-पुरणपोळी खाते आणि पंधरा दिवस हलत नाही. पण माझी दिपाली सुरतेला दिली तेव्हापासून तिन्ही अखज्यांना आली ती दोन दिवसांपुरती. का? तर जावईबापू गोपालरावांचा फोन! "मामा, तुमच्याकडे चव्वेचाळीस डिग्री असतं हो! एसीशिवाय कसं जमणार? दिपालीला फार त्रास होतो."

दिपालीला त्रास! जी पोरगी भर उन्हात तापीच्या वाळूत अनवाणी टरबुजं राखायची, तिला त्रास! पण जावयाला उलटून बोलायची आपल्यात सोय नाही. मागच्या अखजीला तिसऱ्याच दिवशी त्यांची गाडी गेली आणि तापीबाई, म्हणजे आमची बायको, रिकाम्या झोक्याचा दोर सोडता सोडता रडायला लागली. मला ते बघवलं नाही. तेव्हाच ठरवलं, पुढची अखजी पूर्ण पंधरा दिवस लेक घरात राहणार. मग घरात हिमालय आणावा लागला तरी बेहत्तर!

म्हणून यंदा नंदुरबारच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आधी तीन तारेवाला एसी दाखवला.

"पाचपैकी तीन मार्क?" मी म्हणालो. "काठावर पास झालेली वस्तू जावयाला दाखवू?"

मग त्याने पाचवाला काढला. मी चष्मा लावला आणि लेबलाला नाक टेकवलं. वर पाच तारे. खाली वर्षाला किती युनिट लागतील तो आकडा. आणि त्याच्याजवळ बारीक अक्षरात काय लिहिलं असावं? सोळाशे तास!

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अहो, आमच्या शेतातल्या मोटारीला वीज मिळते आठ तास, तीही पाळीने, एक आठवडा दिवसा आणि एक आठवडा रात्री. आठ तासांसाठी आम्ही अंधारात विंचवाच्या शेपटीवर पाय देत बांधावर फिरतो. आणि इथे चक्क छापून दिलंय, वर्षाला सोळाशे तास घे! अखजीचे पंधरा दिवस चोवीस तास चालवला तरी चारशेच्या आतच. म्हणजे बाराशे तास शिल्लक!

दुकानदार म्हणाला, "काका, त्या तासांचा अर्थ तसा नसतो..."

"मला लेबल शिकवू नका," मी म्हणालो. "गाडीत टाका!"

आता ज्याच्या खात्यात बाराशे तास शिल्लक आहेत तो माणूस गावात गप्प बसेल का? भेटेल त्याला मी सांगत सुटलो, "या ना बठाले! सोळाशे तास शेतस, आपलं काय जाई ऱ्हायनं!"

एसी बसवला तो पुढच्या बैठकीत. आतल्या खोलीत बसवला असता तर दिसला कुणाला असता? गोपालराव दिपालीला सोडायला आले, एसीकडे सुरती नजरेने पाहिलं आणि त्याच पावली परत निघाले. जाताना म्हणाले, "मामा, दोन दिवसांनी फोन करतो. खोली गार राहत नसेल तर मी हिला घ्यायला येईन."

म्हणजे पोरीचं माहेरपण आता माझ्या खोलीच्या गारव्यावर टांगलेलं!

दुसऱ्या दिवशी बारा वाजता एसी सुरू केला. साडेबाराला ओट्यावर चप्पल काढायला जागा नव्हती. समोरच्या भिकुबाई सगळ्यांच्या आधी, आणि त्याही गोधडी घेऊनच! मग माझा चुलतभाऊ बन्सीलाल, घरच्या सात माणसांसकट. सव्वीस डोकी मी स्वतः मोजली. आणि दार सताड उघडं. असणारच! आमच्या गावात दिवसाउजेडी कुणी घराचं दार लावत नाही. लावलंच तर समजायचं की आत भांडण चाललंय, नाहीतर त्याहून काहीतरी वाईट झालंय.

दोन वाजेपर्यंत बैठकीत असा उकाडा झाला की भिकुबाई पदराने वारा घ्यायला लागल्या.

"ईश्वर, अठे तं भट्टी शे रे!"

"मन्हा कुलर बरा," बन्सीलाल म्हणाला. "काय पाच तारा लई बठना तू?"

बघा! फुकटची हवा खायची, माझ्याच तक्क्याला टेकायचं आणि वर नावं ठेवायची! पण बोलणार कोणत्या तोंडाने? घाम माझ्याही नाकावरून ठिबकत होता. दिपाली हळूच म्हणाली, "आबा, तुम्ही चिंता नका करा. मी त्यासले काहीच सांगाव नही." ते ऐकून तर मला आणखीच लाज वाटली. बापाचा एसी लेकीने झाकून न्यायचा!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एसी बसवणाऱ्या तौफिकला नंदुरबारहून बोलावून घेतला. तो मोटारसायकलवरून उतरतो न उतरतो तोच मी सुरू झालो. "हा एसी खोटा आहे! तारे कुणीतरी चिकटवलेत! मी ग्राहक मंचात जाईन! मी वरपर्यंत जाईन!"

तौफिकने मशीन पाहिलं. मग दाराकडे पाहिलं. मग आदल्या दिवशीपासून ओट्यावर राहून गेलेल्या तीन बेवारस चपला पाहिल्या.

"काका, मशीन बराबर शे," तो म्हणाला. "दार बराबर नही."

"दाराचा काय संबंध?"

"तुम्हनी मोटारसायकल लिटरले किती देस?"

"सत्तर."

"मंग तुम्ही फक्त सत्तरच किलोमीटर चालाडतस का? तसंच ते सोळाशे तासनं शे. ते माप शे काका, कोटा नही. इतला तास चालाडा तं इतला युनिट लागतीन, एवढंच. आनि तारा म्हंजे थंडी नही. तेवढीच थंडी कमी विजमा, त्याना तारा!"

"मग गार का होत नाही?"

"ब्रेक दाबीसन गाडी चालाडी तं सत्तर देई का? उघाडं दार म्हंजे ब्रेक. तुम्ही खोली नही, अख्खं कोरीट थंड करी ऱ्हायनात!"

मी लेबल पुन्हा वाचलं. उजेडात धरून वाचलं. दाराचं नाव नाही! एवढे तारे छापता, एवढे आकडे छापता, एक बंद दाराचं चित्र छापायला काय होत होतं? तौफिक म्हणाला, "दार-खिडकी लाई घ्या, फटीसमा चिंध्या भरा, आनि एक तास उघाडू नका." एवढं सांगून आणि आमचा चहा पिऊन तो निघून गेला.

भर दुपारी बारा वाजता मी घराचं दार लावलं. आतून कडी घातली. फटींत तापीबाईचं जुनं लुगडं कोंबलं. आत आम्ही तिघंच. मी सक्त ताकीद दिली, "कुणी हाक मारली तरी ओ द्यायची नाही! एक तास म्हणजे एक तास!"

आणि काय सांगू! वीस मिनिटांत खोली अशी गार झाली की तापीबाईने शाल काढली. दिपाली फरशीवर आडवी झाली आणि हसायला लागली. मला भरून आलं. वाटलं, आता येऊ दे गोपालरावांचा फोन!

तेवढ्यात दारावर थाप पडली. "तापी! वं तापी! दार काबरं लायं?" भिकुबाई!

मी तोंडावर बोट ठेवलं. दिपाली कुजबुजली, "आबा, एक शबद तं बोला!" पण तौफिकचा तास पुरा व्हायला चाळीस मिनिटं होती. मी हललो नाही. थापा वाढल्या. मग बन्सीलालचा आवाज आला. मग बऱ्याच जणांचा. मशीनच्या घरघरीत धड काही कळत नव्हतं. "पोरले सासरनासनी काढी दिनं व्हई" एवढं एक ऐकू आलं, आणि मग "ईश्वरले अटॅक उना व्हई." मी दात-ओठ खाल्ले, पण कडीला हात लावला नाही. शिस्त म्हणजे शिस्त!

बरोबर एक वाजता मी विजयी मुद्रेने दार उघडलं.

ओट्यापासून पार रस्त्यापर्यंत गाव! बायांनी तोंडाला पदर लावलेले. बन्सीलालच्या खांद्यावर पांढरा रुमाल. आणि भिंतीला टेकवलेले दोन हिरवेगार बांबू! जवळ जाऊन पाहतो तर माझ्याच बांधावरचे! माझ्यासाठी, मला न विचारता, माझेच बांबू तोडले!

"अरे, जिवंत आहे मी!" मी ओरडलो.

आनंद कुणालाच झालेला दिसला नाही. भिकुबाई डोळे पुसता पुसता थांबल्या आणि त्यांचा चेहरा चक्क पडला.

"मंग दार काबरं लायं व्हतं?" बन्सीलालने मलाच दरडावून विचारलं.

"गारव्यासाठी!"

"अरे देवा! आनि मी गोपालले फोन करी दिना ना! म्हंतं, व्हशात तशा या!"

मी धावत जाऊन फोन लावला. बंद! पुन्हा लावला. बंद! गोपालराव तिकडून निघालेसुद्धा होते.

पाचच्या सुमाराला त्यांची गाडी दारात थांबली. अंगावर पांढरे कपडे, डोळे लाल, घामाने शर्ट पाठीला चिकटलेला. मी ओट्यावर आमरसाची वाटी घेऊन बसलो होतो. ते माझ्याकडे बघतच राहिले.

"मामा, तुम्ही?"

"हो, मीच. या ना, रस घ्या!"

मी हात धरून त्यांना आत नेलं, घाईघाईने दार लावलं आणि देवाचं नाव घेत उभा राहिलो. गोपालराव गारव्यात दोन मिनिटं नुसते उभे होते. मग बसले. मग आडवे झाले. "वा, मामा!" एवढंच म्हणाले आणि झोपले ते थेट दुसऱ्या दिवशी नऊला उठले!

परीक्षा पास! तापीबाईने झोक्याला दुसरा दोर बांधला. दिपालीने मैत्रिणींना निरोप धाडले. गोपालरावांनी चहा घेतला, गाडीतून लॅपटॉप आणला आणि म्हणाले, "मामा, माझं काम इथूनही होतं. मीही राहतो थोडे दिवस." जावई स्वतःहून राहतो म्हणतोय! मी आनंदाने आंब्यांची आणखी एक पेटी आणली.

दुपारी सुरतेहून विहीणबाईंचा फोन आला. "दोघंही तिकडेच? आणि माझ्या गुडघ्यांनी मी इकडे एकटी काय करू? दोघांपैकी एक जण आजच्या आज घरी पाहिजे!"

आम्ही सगळ्यांनी गोपालरावांकडे पाहिलं. गोपालरावांनी एसीकडे पाहिलं.

"दिपाली, तूच जा," ते म्हणाले. "माझं इथे काम सुरू झालंय."

मीच तिला नंदुरबारच्या स्टँडवर नेलं. चार दिवस झाले नव्हते हो तिला येऊन! खिडकीत बसल्यावर ती म्हणाली, "आबा, एक सांगू? आम्हना घरमा एसी नही. पंखा शे."

मला कसं कळणार? आम्ही लेकीच्या घरचं पाणीही पीत नाही. तिच्याकडे गेलो तरी उंबऱ्यावरूनच परत येतो. छताला काय लटकतंय ते कधी पाहिलं?

"मग ऊन सोसत नव्हतं कुणाला?" मी ओरडलो.

"त्यासले!" दिपाली म्हणाली आणि गाडी सुटली.

ह्याला आज नऊ दिवस झाले. जावई बैठकीत आतून कडी लावून आहेत. मी ओट्यावर वर्तमानपत्राने वारा घेतो. चष्मा घ्यायला आत गेलो तरी आवाज येतो, "मामा, दार!" माझ्याच घरात! मलाच!

आता जावयाचं ताट वाढता वाढता तापीबाई म्हणाली, "तीन तारासना लेतात ना, तं पाव्हना दुसरा दिवसले पळी जाता. मन्ही पोर ऱ्हाती!"

तारे म्हणजे थंडी नाही, हे आता हिला कोण सांगणार! मी ताट घेतलं आणि स्वतःच्याच घराचं दार वाजवायला उठलो.