बाबल तांडेलाचा थ्रीजी

कणकवलीच्या एस.टी. स्टँडवर, भर दुपारी, मी एका जन्मबहिऱ्या मुलीला फोनवर माझा कान दाखवला. वर खणखणीत आवाजात विचारलं, "शेवंती, आयकाक येता मां गो?" पलीकडे पुण्यात तिला काय दिसलं असेल? एक भलाथोरला कान आणि त्यातली माझी कुडी. नातवंडं अजून चिडवतात. मीही चिडवून घेते. तेव्हा तारकर्लीत न्याहारी-निवास चालवत होते, पर्यटकांशी हिंदी झाडत होते, त्यामुळे स्वतःला भारी पुढारलेली समजायचे!

पण कानाच्या आधी बाबल.

बाबल तांडेल आमचा शेजारी. रापणीच्या, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्याच्या, होडीवरचा म्होरक्या, म्हणून तांडेल. माझ्या नवऱ्याहून धाकटा, मला वैनी म्हणायचा. माझ्याकडे पाहुणे उतरले की हा आमच्या मधल्या दगडी गडग्यावरून मान काढायचा. लोक विचारतात जेवलात का, हा विचारायचा, "पावण्यांनू, तुमच्याकडे थ्रीजी इलो?" एक मुंबईची बाई घाबरून मला म्हणाली, "काही साथ आहे का हो इकडे?" मालवणात टॉवर रंगवायला माणूस चढला होता, तर बाबल खालून ओरडला, "थ्रीजी घातलंस रे?" तो वरून ओरडला, "काका, मी फक्त तांबडो रंग घालतंय!"

मी एकदा विचारलं, "बाबल, तुझ्या टूजीत आणि थ्रीजीत फरक काय रे?"

"आदले फोन म्हणजे वाऱ्यार बोंब. टूजी म्हणजे कानात बोलणां, वर बारीकशी चिठी. थ्रीजी म्हणजे किनाऱ्यावरसून होडयेक हात करणां. माणूस दिसता, वैनी!"

टूजीवर त्याने एकदा नातवाचा फोटोही मागवला होता. पुण्याच्या जावयाने ईमेल केला, माझ्या एका पाहुण्याने फोनवर उघडला. फोटो वरून खाली, पट्टी-पट्टीने उतरू लागला. आधी जावळ, मग कपाळ, मग भुवया. तिथेच अडकला. पाहुण्याला गाडी गाठायची होती, तो गेला. बाबल मात्र वाडीभर सांगत सुटला, "नातवाचा कपाळ इला! माज्यासारख्या आसा. डोळे मागसून येतले." ते काही आले नाहीत.

मी खूप हसले होते. अक्कल कमी होती, दुसरं काय.

शेवंती त्याची एकुलती एक. आई लवकर गेली, पोर किनाऱ्यावर वाढली. रापण ओढताना लाटांच्या आवाजात हाक पोचत नाही, म्हणून होडी आणि किनारा हातांनी बोलतात. एक हात वर केला की थांबा, दोन्ही हात वरून खाली आणले की ओढा. शेवंतीची भाषा तिथे सुरू झाली. पुढची बापलेकीने जमवली. रोज संध्याकाळी ती वाळूत उभी राहून दोन्ही हात वरून खाली आणायची. म्हणजे, बाबा, घराक ये.

ती लग्न होऊन पुण्याला गेली आणि ती भाषा बंद पडली. चिठी वाचायला दोघंही शिकले नव्हते. फोनवर जावई सांगायचा, "शेवंती बरी आहे." बाबल सांगायचा, "मीय बरो आसंय." झालं बोलणं.

मग एका पावसात बाबलला झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. मी जावयाला फोन लावायला निघाले, तर त्याने डाव्या हाताने माझं मनगट धरलं. "सांगा नको. हात गेलो म्हणजे बापूसच मुको झालो, असां वाटतला तिका." चतुर्थीलाही येऊ नको म्हणून कळवलं. आणि दुसऱ्या दिवशी गडग्यावरून परत तेच, "थ्रीजी इलो?"

शेवटी थ्रीजी कणकवलीत आला. माझ्या मुलाने मला नवा फोन दिला होता, तो घेऊन आम्ही दोघं गेलो. बाबलने इस्त्रीचा शर्ट घातला होता. लुळ्या हातावर पंचा टाकला होता. मला बजावलं, "फोन लागी धर हां वैनी, लांब नको. तोंड आणि डावो हात, तितक्याच दिसूक व्हया."

ठरल्या वेळी जावयाचा फोन वाजला आणि मी तो सवयीने कानाला लावला. पुढचं तुम्हाला माहीत आहे. आतून जावई ओरडला, "काकी, कान दिसतोय! समोर धरा!" मी अशी गडबडले, की हात लांब करून दोन पावलं मागे सरले. बाबल डोक्यापासून पायापर्यंत फोनात.

फोनची काच त्याच्याकडे होती. मला शेवंती दिसत नव्हती, फक्त बाबल दिसत होता. त्याचा डावा हात वर गेला आणि नाचू लागला. पंचा कधी खाली पडला ते त्याला कळलंच नाही. तो हसत होता, मान डोलवत होता. मग हात हवेत थांबला. त्याने खाली पाहिलं. डाव्या हाताने उजव्याचं मनगट धरलं, फोनासमोर उचललं, सोडलं. हात खाली पडला. पुन्हा उचलला, दोन्ही हात वरून खाली आणायला बघत होता. तेवढ्यात रेंज गेली.

परतीच्या गाडीत बसलो, कसाल आलं. मीच म्हटलं, "माझा कान बघून हसली असेल रे पोर."

तो खिडकीबाहेर बघत होता.

"वैनी," तो म्हणाला, "टूजीच बरो होतो गो. तेच्यात माजो हात दिसत नाय होतो."