चुन्याखालचा मोर

आमच्या काचीगुड्याच्या गल्लीत भिंतीवर थुंकणाऱ्याला वाघमारे काका एकवेळ सोडतील, पण दुसऱ्याच्या चित्रावर पोस्टर चिकटवणाऱ्याला सोडणार नाहीत. "हौला आहे का रे? विचारलं का ज्याचं त्याला?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य; हौला म्हणजे आमच्याकडे खुळा.

रेल्वेतून रिटायर झाल्यावर गल्लीतल्या भिंतींचा कारभार त्यांनी स्वतःहून अंगावर घेतला. रंगाचे डबे घेऊन येणाऱ्या पोरापोरींना ते आधी चहा पाजतात, मग कायदा. घरमालकाला विचारायचं. दुसऱ्याच्या चित्राला रंग लावायचा नाही, ते कितीही भिकार असो. पावसाने रंग उडालेल्या एका बोकडाच्या चित्राला हात लावण्याआधी त्याचा चित्रकार शोधत ते चिक्कडपल्लीपर्यंत जाऊन आले. मी तर त्या बोकडाला कुत्राच समजत होतो.

त्यांची स्वतःची कंपाउंडची भिंत मात्र पांढरीफटक. तिथे कुणालाही परवानगी नाही. परवा श्रावणी नावाची कॉलेजची मुलगी ब्रश घेऊन हटूनच बसली.

"अंकल, भिंत तर खाली आहे, एकदम रिकामी!"

"खाली नाही. चुन्याखाली मोर आहे. लाल," काका म्हणाले आणि ओट्यावर बसले.

मोर त्यांच्या मुलीचा, पद्माचा. ती बी.ए.ला असताना तिने काढलेला. तिला बघायला पाहुणे येणार म्हणून काकांनी तिला न विचारता त्यावर चुना फासला. पद्माने पाहुण्यांना चहा दिला, पण पुन्हा ब्रश धरला नाही. आता ती नागपूरला असते. फोनवर "जेवलात का" विचारते आणि ठेवून देते.

"मग मी काढू का मोर परत?" श्रावणीने विचारलं.

"हौला आहे का? विचारलं का ज्याचं..." काका मध्येच थांबले.

मला राहवलं नाही. "विचारा की काका. कायदा तुमचाच!"

पोस्टरवाल्याकडे बघावं तसं त्यांनी माझ्याकडे बघितलं. पण फोन लावला, नेहमीसारखा स्पीकरवर.

"पद्मा, एक परमिशन पाहिजे होती. आपल्या भिंतीवरचा तो मोर एक मुलगी परत काढू का म्हणते... तेव्हा तुला विचारलं नाही बेटा. चुकलं माझं."

 

"बाबा," पद्माचा आवाज ओला होता, "दुसऱ्या कुणाला हात लावू देऊ नका. दिवाळीला मी येते. लाल रंग आणून ठेवा."

काकांनी फोन ठेवला, डोळे पुसले.

"परमिशन नाही मिळाली," त्यांनी श्रावणीला इतक्या आनंदाने सांगितलं, की ती बिचारी रुसायचंच विसरली.