गिळलेला 'त'

फर्निचरच्या कारखान्यात इटलीहून मशीन आलं आणि ते बसवायला तिथल्या एक इंजिनिअर बाईही आल्या. मालक दुभाष्या शोधू लागले, तसा पंडित छाती काढून पुढे झाला. पंडित हे काही त्याचं नाव नव्हे. दिसेल त्याचं व्याकरण सुधारतो म्हणून चिकटलेलं. मोबाइलवर पंधरवडाभर धडे गिरवून इटालियन त्याने म्हणे कोळून प्यायली होती.

"सोप्पं आहे हो! क्रियापदाला 'यामो' लावलं की झालं 'करू या'. 'ची स्पोस्तियामो' म्हणजे सरकू या."

"नीट निभावलंस तर फोरमन तू," मालक म्हणाले. "तरी मी मोबाइलचं भाषांतर चालू ठेवतो."

पंडितची एकच खोड होती. घाईत तो 'त' गिळायचा. 'रस्ता'चा 'रसा', 'मस्त'चा 'मस'. पॉलिशच्या टेबलावर काम करणारी त्याची बायको रोज कानीकपाळी ओरडायची. पण साक्षात पंडिताला बोलायला शिकवणार कोण?

मशीनची पेटी साखळीवर चढली आणि डुलू लागली. बाई नेमक्या तिच्याखाली माप घेत उभ्या! पंडित घाईघाईने ओरडत धावला.

"ची स्पोसियामो! सिन्योरा, ची स्पोसियामो!"

बाई जागीच थिजल्या. पंडितने मग हात जोडून, आणखी मोठ्याने विनवलं. मालकांच्या हातातला मोबाइल खणखणीत बोलला, "बाईसाहेब, आपण लग्न करू या!"

एवढासा 'त' गळाला आणि सरकण्याचं लग्न झालं. करवती थांबल्या. साखळीवाला हसता हसता खाली बसला, पेटी तशीच लोंबकळत राहिली. शेवटी बाईंनीच वर पाहिलं आणि पंडितची कॉलर धरून त्याला बाजूला ओढलं. "ची स्पोस्तियामो!"

"आपण सरकू या," मोबाइल म्हणाला.

"अहो, एक 'त' तेवढा राहिला!" पंडित कळवळला.

"मग फोरमनचंही राहू दे," मालक म्हणाले.

तेवढ्यात हातात पॉलिशचं फडकं घेऊन बायको समोर आली. पंडितने डोळे मिटले. आता आपली काही धडगत नाही!

"तिला मागणी हात जोडून, चारचौघांत! आणि मला? स्टॉपवरच्या बाकापाशी नुसतं 'जरा सरकतेस का?' म्हणाला होतात. मीच बापडीने तुमच्या मनातलं ओळखलं."

पंडितने डोळे उघडले. त्या दिवशी त्याला खरोखरच बसायला जागा हवी होती.

चूक सुधारायला त्याने सवयीने तोंड उघडलं. मग बायकोच्या भरून आलेल्या डोळ्यांकडे पाहिलं आणि अख्खं वाक्य गिळून टाकलं.