पायजम्यातला पाहुणा

पहाटे चारला गाडी फिल्लाख जंक्शनात उभी असताना लाम्बेर्ट ओबरहाउझर संडासला जायला उठले. त्यांच्या डब्यातल्या संडासात कोणीतरी मुक्कामालाच गेलं असावं. पुढच्या डब्यात रांग होती. त्याच्या पुढच्या डब्यात एकदाचं काम झालं, आणि परतायला म्हणून ते डब्याच्या टोकाशी आले, तर दारापलीकडे डबाच नव्हता. नुसते रूळ होते, आणि तेही भराभर मागे पळत होते.

"व्हेनिसचे डबे जंक्शनातच सुटे झाले, साहेब," तिकीट तपासनीस म्हणाला. "हे चाललेत स्लोव्हेनियात."

"पण माझी बायको त्या डब्यात आहे!"

"मग बाई वेळेवर पोचतील. काळजी नको."

काळजी बायकोची नव्हती. लाम्बेर्ट हिंटरबाख गावचे उपनगराध्यक्ष. परदेशी जाणाऱ्या रात्रीच्या गाड्या सुधाराव्यात म्हणून दहा वाजता व्हेनिसला देशोदेशीच्या शहरांची आणि रेल्वेवाल्यांची सभा भरायची होती. ही गाडी रोज त्यांच्या झोपायच्या खोलीखालून धडधडत जाई, पण थांबत नसे. तीत चढायला तासभर उलटं मोटारीने साल्झबुर्गला जावं लागे. गावाला दोन मिनिटांचा थांबा हवा, म्हणून तीन वर्षं त्यांनी अर्ज लिहिले होते. आजचं भाषण कोटाच्या खिशात होतं. कोट, चष्मा आणि फोन व्हेनिसच्या वाटेवर.

पहिल्याच स्टेशनात, पोद्गोराला, ते पायजम्यावर उतरले. फलाटावर पाय टेकतो न टेकतो तोच अग्निशमन दलाचा बँड दणाणला. एका मुलीने पोतित्सेचं, म्हणजे अक्रोड भरलेल्या गोड पावाचं, ताट त्यांच्या नाकाखाली धरलं. मागून नगराध्यक्षा विदा रोझमान धावत आल्या आणि त्यांनी लाम्बेर्टच्या गळ्यात चक्क हार घातला.

"या, या! आमच्या थांब्यावर उतरलेले पहिले प्रवासी तुम्ही!"

"बाई, काहीतरी घोटाळा होतोय. मी चुकून—"

"हळू बोला!" विदाबाईंनी त्यांचा दंड धरला. "आठवड्यापूर्वी थांबा मिळाला. रोज पहाटे बँड घेऊन उभे राहतोय आम्ही, पण कुत्रंसुद्धा उतरलं नाही. आज शेवटचा दिवस. कोणी उतरलं नसतं तर उद्यापासून थांबा रद्द होता."

"पण मी पायजम्यात आहे!"

"रात्रीच्या गाडीतून माणूस काय सुटाबुटात उतरतो? सही करा इथे, नोंदवहीत."

थांब्यासाठी तळमळणाऱ्या माणसाला दुसऱ्याचा थांबा मोडवेना. लाम्बेर्टनी सही केली. मग वार्ताहराने फोटो काढला, पाद्रीबाबांनी आशीर्वाद दिला आणि बँडवाल्यांनी "चार शब्द बोला" असा धोशा लावला. लाम्बेर्टनी तीन वर्षं घोकलेलं भाषण हिंटरबाखच्या जागी पोद्गोरा घालून म्हणून टाकलं. तुतारीवाला तर ढसाढसा रडला.

सकाळभर बायकोला, एर्नाला, फोन लागत नव्हता; शेवटी विदाबाईंच्या फोनवरून त्यांनी तिला गाठलं, तेव्हा साडेअकरा वाजले होते.

"एर्ना, सगळं बुडालं गं!"

"काही बुडालं नाही. तुझ्या नावाचा पुकारा झाला, मग मीच उठले."

"तू? भाषण वाचलंस?"

"पहिलं पान वाचलं. लोक पेंगायला लागले. मग कागद ठेवला आणि म्हटलं, 'माझा नवरा पहाटे लघवीला गेला आणि दुसऱ्या देशात पोचला. या गाड्यांत काय सुधारायचं, ते आता मला विचारा.'"

लाम्बेर्टनी गळ्यातला हार काढून बाकावर ठेवला. "हसले असतील सगळे."

"पाच मिनिटं हसत होते. मग मी सांगितलं, डबे सुटायच्या आधी प्रत्येक दारावर चार भाषांत पाटी लावा, प्रत्येक डब्यात दोन संडास ठेवा, आणि लहान गावांना थांबे द्या, म्हणजे चुकलेला माणूस निदान उतरेल तरी. टाळ्या थांबेनात रे!"

"आणि हिंटरबाख?"

"थांबा मंजूर. दोन नाही, चार मिनिटं."

लाम्बेर्टच्या डोळ्यांत पाणी आलं. तीन वर्षांचे अर्ज एकीकडे आणि ही लघवी एकीकडे.

"आणखी एक," एर्ना म्हणाली. "मला त्यांनी समितीवर घेतलंय. पुढची बैठक बुखारेस्टला आहे."

"आणि मी?"

पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "विचारलं मी. समितीच्या सभासदाला सोबत एक माणूस नेता येतो, म्हणाले. फक्त त्याने सभेत बोलायचं नाही."