अनवाणी शेषेराव आणि इरप्याची शेवटची चढाई

"यंदा ढाल अहमदपूरची! इश्वास नसंल तर कागद आणा, सही करून देतो!"

शेषेरावांनी भर बाजारात, पानटपरीसमोर उभं राहून ही गर्जना केली, तेव्हा त्यांच्या पायात चप्पल नव्हती. गेल्या दसऱ्यापासूनच नव्हती. त्याचं असं आहे, दसरा झाला की दरवर्षी अहमदपूरचं माळावरचं कॉलेज आणि मुखेडचं कॉलेज यांच्यात कबड्डीचा सामना होतो. जिंकेल त्याला वर्षभर मिरवायला ढाल! गेल्या वर्षी अहमदपूर हरलं आणि शेषेरावांनी तिरीमिरीत पायातल्या दोन्ही चपला मुखेडच्या मैदानात भिरकावल्या. "माझं कॉलेज ढाल घेईल तवाच पायात चप्पल घालीन!" असा जाहीर पण केला.

त्यांच्या मंडळी केवळाबाई एवढंच म्हणाल्या, "बोलायच्या आधी उन्हाळा तरी आठवायचा!"

आणि उन्हाळा आलाच की हो! लग्नाच्या वरातीत शेषेराव डांबरावर एकदा हा पाय उचलायचे, एकदा तो. लोकांना वाटायचं, म्हातारा हलगीवर काय फक्कड नाचून राहिला!

पण गडी डगमगला नाही, कारण टीममध्ये विरूपाक्ष होता. देगलूरकडच्या सीमेवरच्या खेड्यातला पोरगा, लांब हातापायाचा, बोलता बोलता मधेच कानडी बोलणारा. होस्टेलच्या पाणचट वरणावर तो वाळून चालला होता. शेषेरावांनी त्याला एका संध्याकाळी दंडाला धरून घरी आणलं. केवळाबाईंनी ज्वारीची भाकर आणि शेंगाची चटणी वाढली, त्यानं त्यांना 'अव्वा', म्हणजे कानडीत आई, म्हटलं, आणि तेव्हापासून तो ह्या घरचाच झाला. त्याचा इरप्या झाला. सामन्यात शेषेराव दोरीला चिकटून उभे राहायचे आणि ओरडायचे, "इरप्या, उजवीकडं! मार हात!" हजार लोकांच्या कालव्यात पोरगं तो एकच आवाज ओळखायचं.

अशा भरवशावर गर्जना करून शेषेराव त्याच पावली सराव बघायला माळावर गेले आणि दारातच थबकले. माती गायब! तिथं पत्र्याचं शेड, खाली निळी मॅट, आणि मॅटवर अशी धिप्पाड पोरं की त्यातलं एकही ओळखीचं नाही. संस्थेचा सचिव शिवशंकर हात बांधून उभा होता. हाच शिवशंकर एकेकाळी ह्याच मातीत गुडघे फोडून घ्यायचा.

"अरे, आपली पोरं कुठायत?"

"काका, आता टीम घडवत न्हाईत. आणतात!"

"आन् इरप्या?"

"मुखेडला. सुट्टीत गावाकडं गेला, तिथनंच त्यांनी नेला. मोटरसायकल दिली त्याला. मग आपुन काय गप बसतो का? अख्खी टीम हरियाणातनं, सोनीपतहून आणली!"

शेषेरावांना मटकन खाली बसावंसं वाटलं, म्हणून ते मॅटवर बसले. तर कोच धावत आला, "बाबा, पाय! पाय पुसून या!"

घरी येऊन ते ओसरीवर नुसते बसून राहिले. आठवायला लागलं की माणसाचं थांबत नाही. मार्केट यार्डातली माती, फक्कीनं आखलेल्या रेषा, घरी भांड्यात उकळून निळ्या केलेल्या बनियनी. अर्धा सामना होईस्तोवर घामानं रंग उतरायचा आणि पोरं गळ्यापासून कमरेपर्यंत निळी व्हायची! बक्षीस काय, तर स्टीलची बादली. पण त्या पोरांचे बाप ठाऊक असायचे, बैल ठाऊक असायचे. रात्री सामना हरलेलं पोरगं सकाळी दुधाचा कॅन घेऊन दारात यायचं, तेव्हा त्याला मनसोक्त शिव्या देता यायच्या.

"ह्या नव्या पोरांला शिवी द्यायची तर हिंदीत द्यावी लागंल," शेषेराव म्हणाले.

"देऊच नका," केवळाबाई म्हणाल्या. "तुमाला चप्पल घालायची हाय ना?"

ते खरंच होतं. शेवटी पण तो पणच! शेषेरावांनी मनाचा हिय्या केला आणि नवी टीम आपली मानायचं ठरवलं. फडक्यात भाकरी बांधून रोज सरावाला जायला लागले. डाव्या कोपऱ्यावरच्या पहाडासारख्या पोरापुढं त्यांनी पहिल्या दिवशी भाकरी धरली. तो हात जोडून म्हणाला, "ताऊ, डाइट चल रही है," आणि डब्यातली भुकटी पाण्यात कालवून प्यायला. ते बघून शेषेरावांना आपल्या वासराचं पेंडीचं पाणी आठवलं.

बघता बघता त्यांच्या अनुभवी डोळ्यांनी एक खोट मात्र हेरली. हा पहाड पकडीला झेपावण्याआधी डावा पाय वीतभर पुढं काढायचा. चलाख चढाईवाल्यानं तेवढ्यात पायाला पाय लावला तर गेलाच! त्याला हे सांगावं म्हणून ते दोनदा उठले, पण हिंदी जुळेना. "सामना झाल्यावर शिवशंकरकडून सांगू," असं म्हणून खाली बसले.

सामन्याला टेम्पो भरून माणसं मुखेडला निघाली. केवळाबाईंच्या पिशवीत, जिंकलो नाही तर परत करायच्या बोलीवर दुकानातून आणलेल्या, कागदात गुंडाळलेल्या नव्याकोऱ्या चपला होत्या. मैदानात आपली पोरं आली, छातीवर खताच्या दुकानाचं नाव. मग मुखेडची आली, छातीवर दुसऱ्या खताच्या दुकानाचं नाव. त्यात इरप्या! त्यानं गर्दीत नजर फिरवली, काका दिसले, आणि सवयीनं वाकून तिथूनच नमस्कार केला.

शेषेरावांनी तोंड फिरवलं. "मोटरसायकलवाला!"

"वाळलाय वो पोरगा," केवळाबाई म्हणाल्या.

सामना असा रंगला की विचारू नका! पुढं-मागं होत शेवटी गुण बरोबरीत आले आणि एकच चढाई उरली. चढाई मुखेडची. रेषा ओलांडून आला तो इरप्या! सोनीपतच्या पोरांनी साखळी करून त्याला घेरलं. अहमदपूरकरांनी श्वास रोखले. केवळाबाईंनी पिशवीत हात घातला. ही चढाई रिकामी गेली तर जादा डाव, आणि इरप्या सापडला तर ढाल आणि चप्पल दोन्ही आपलीच!

आणि त्या पहाडानं डावा पाय वीतभर पुढं काढला.

"इरप्या! डावा कोपरा! पाय काढला बघ त्यानं, मार!"

हा आवाज कुणाचा, हे शेषेरावांनाही आधी कळलं नाही. इरप्यानं तर विचारही केला नाही. आवाज आला, पाय गेला, लागला, आणि पोरगं सुळकन रेषेपार! शिट्टी!

"शाब्बास माझ्या पठ्ठ्या!" शेषेरावांनी टोपी आभाळात उडवली आणि दोन्ही पायांनी उड्या मारायला लागले. केवळाबाईंनीही लगबगीनं चपला काढून पुढं ठेवल्या. मग दोघांना एकदमच जाणवलं की आपल्या बाजूला दुसरं कुणीच नाचत नाहीये. अख्खं अहमदपूर मैदानाकडं पाठ करून त्यांच्याकडं बघत होतं!

केवळाबाईंनी चपला मुकाट्यानं पुन्हा पिशवीत घातल्या.

"काका!" शिवशंकरला रडू फुटायचंच बाकी होतं. "सोनीपतहून टीम आणली वो मी!"

"सवय झालीय रे," शेषेराव खाली बघून पुटपुटले.

परतीच्या टेम्पोत त्यांच्याशी कुणी बोललं नाही. मागच्या फाळक्यावर ते अनवाणी पाय खाली सोडून बसले होते. हरल्याचं दुःख होतंच. पण त्या एका क्षणाला आपण वर्षभरात झालो नव्हतो इतके खूश झालो होतो, आणि हे आता कुणाला सांगायची सोय उरली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दारात मोटरसायकल थांबली. इरप्या उतरला. मागं मुखेडचे क्रीडाशिक्षक हनुमंत सर. पोरगं पायाला हात लावायला वाकलं आणि भेगा पडलेल्या टाचा बघून तसंच वाकून राहिलं.

"काका, तिकडं गेल्यापासनं दर चढाईला तुमचा आवाज हुडकून राहिलो. काल घावला."

शेषेरावांनी दारातल्या मोटरसायकलकडं बघितलं. काहीतरी बोलायचं म्हणून ते म्हणाले, "गाडी बरी चालती का?"

"गाडी लई बरी हाय. पण तिकडं अव्वाची भाकर न्हाई."

आत केवळाबाईंनी तोपर्यंत तवा चढवलाही होता.

हनुमंत सर खाकरले. "शेषेराव, मुद्द्याचं बोलतो. तुम्ही आमच्याकडं या."

"म्हंजी?"

"आमच्या बाजूनं वरडायला! येणं-जाणं आमचं, जेवण आमचं. आन् एकदा मुखेड तुमचं कॉलेज झालं, की ढाल तुमच्याच कॉलेजकडं हाय! तुमचा पण फिटला! तुमी फेकलेल्या चपला सुदिक ढालीशेजारी कपाटात ठेवल्यात आमी."

शेषेराव ताडकन उभे राहिले. "आरं, माणूस इकत घ्यायला निघालात व्हय! पोरं नेली, आता बघणारा नेता! ह्या अहमदपूरच्या मातीत मी..."

"जुन्या नको म्हणावं!" आतून केवळाबाईंचा आवाज आला. "त्या चपलांचा आंगठा तुटलाय. नव्या पाहिजेत, आठ नंबर!"

शेषेरावांनी एकदा इरप्याकडं बघितलं, एकदा स्वतःच्या पायांकडं, आणि हळूच खाली बसले.

"नऊ," ते म्हणाले. "वरीसभर अनवाणी हिंडून पाय पसरलेत."