रुजू झालेला डोंगर

एक डिसेंबरला ओतकामाच्या कारखान्यात नवे जनरल मॅनेजर म्हणून एक डोंगर रुजू झाला. पहिल्या पाळीचे कामगार आले तेव्हा साहेब येऊन बसलेले होते. केबिन पुरणार नव्हती, म्हणून स्टोअरमागची सात एकर मोकळी जागा त्यांना दिली होती. गेटवरच्या रजिस्टरात वॉचमनने नोंद केली होती : सोबत वाहन नाही.

मालन चौगुले मान वर करून बघतच राहिली. क्वालिटी विभागात तिची बावीस वर्षं झाली होती आणि तेवढ्या काळात तिने सहा जनरल मॅनेजर पाहिले होते. एकाने तिच्या टेबलावर फाइल आपटली होती, दुसरा तर बोलताना कधी मोबाइलमधून डोळे वर काढत नसे. पण ज्याच्या माथ्यावर ऊन आधी पोचतं आणि मग सावकाश शॉपच्या पत्र्यांवर उतरतं, असा साहेब तिने पाहिला नव्हता. वर दोन घारी फिरत होत्या. मालनने नकळत हात जोडले.

कामाची रीत हेड ऑफिसने पत्राने कळवली. ज्याला काही मांडायचं असेल त्याने पायथ्याशी उभं राहून बोलावं. साहेबांकडून जे परत येईल तो आदेश. काही परत आलं नाही, तर मंजुरी नाही असं समजावं. टाइम ऑफिसचे तोडकर रजिस्टर घेऊन तिथेच खुर्ची टाकून बसू लागले.

महिनाभरात सगळ्यांना अंदाज आला. पुटपुटलेलं काही परत येत नसे. कँटीनची डाळ पातळ असल्याचं एकाने ठणकावून सांगितलं, साहेबांनीही तेच सांगितलं, आणि डाळ दाट झाली. एका सुपरवायझरने पायथ्याशी उभं राहून हेल्परला शिवी दिली. तीच शिवी साहेबांनी सगळ्या कारखान्यादेखत दिली. त्यानंतर शॉपमध्ये शिवी ऐकू आली नाही.

फेब्रुवारीत ट्रॅक्टरच्या ब्रेकचे सहाशे नग तयार झाले. मालनला त्यांत केसाएवढी चीर सापडली. प्रॉडक्शन हेड इंगवले म्हणाले, "मालनताई, ट्रक भरलाय. सही करा, पुढचं मी बघतो."

अशी एक सही तिने पूर्वी केली होती, आणि त्यानंतर कित्येक दिवस तिला घास गोड लागला नव्हता. तिने पेन खिशात ठेवलं आणि साहेबांना विचारू या म्हणाली.

दोघं पायथ्याशी गेले. आधी इंगवले बोलले. "माल जाऊ द्या," त्यांनी हलकेच सांगितलं. वरून काही आलं नाही. घसा खाकरून ते पुन्हा बोलले. आवाज जाकिटाच्या कॉलरपुढे गेला नाही. तोडकरांनी लिहिलं : मंजुरी नाही.

मालनने कारखान्यात कधी आवाज चढवला नव्हता. तिने छाती भरून श्वास घेतला.

"हा माल जाणार नाही."

मग शिखरापासून खालपर्यंत तिचाच आवाज, पण तिच्यापेक्षा कितीतरी मोठा होऊन, उतरत आला : जाणार नाही, नाही, नाही. भट्टीवरची माणसं बाहेर येऊन उभी राहिली. मालनच्या अंगावर काटा आला. 'नाही' तीनदा की चारदा, एवढं तोडकरांनी विचारून घेतलं. ट्रक रिकामा झाला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत इंगवले एकटेच पायथ्याशी गेले. मग कँटीनपर्यंत स्पष्ट ऐकू आलं.

"मला भीती वाटते."

साहेबांनी ते जसंच्या तसं म्हटलं, इंगवल्यांनी म्हटलं त्यापेक्षा सावकाश. कोणी हसलं नाही. ज्यांच्या हातात घास होता ते तो तसाच धरून उठून उभे राहिले.

तोडकरांनी तारीख आणि क्रमांक घालून आदेश लिहिला : जनरल मॅनेजरांना भीती वाटते. त्याची प्रत फलकावर लावली आणि नियमाप्रमाणे खाली टीप दिली की, हा आदेश ज्यांना लागू असेल त्यांनी सही करावी.

पाळी सुटेपर्यंत एकशे चाळीस सह्या झाल्या. मालन पोचली तेव्हा कागदावर जागा उरली नव्हती. तोडकरांनी खाली दुसरा कागद जोडून दिला.