पाच सेलचा उजेड

मनोहरराव भोयर पाहुण्याच्या आधी त्याच्या स्कूटरची विचारपूस करीत. शर्टाच्या खिशातून काचेची नळी काढायची, बॅटरीतले ॲसिड ओढायचे, आत तरंगणारा आकडा वाचायचा आणि म्हणायचे, "बाराशेच आहे गा. उपाशी ठेवलं हिले." त्यानंतर पाहुण्याला पाणी मिळे.

टेलिफोन एक्स्चेंजच्या बॅटरी-खोलीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ खामल्यात आमचे शेजारी होते. ऐंशीचे दशक अर्धे सरले होते, तरी सोलर प्लेट हा शब्द वस्तीत नवा होता. प्रदर्शनातून उतरलेली, एका कोपऱ्यात तडकलेली प्लेट त्यांनी गच्चीवर बसवली, तेव्हा लोक तिला भोयरांचा आरसा म्हणत.

हसणे थांबले ते त्यांच्या पत्नी सुमनवहिनींच्या दुखण्यानंतर. लांबलेल्या तापात त्यांचे दोन्ही कान गेले. समोरच्याचे ओठ पाहून बोलणे ओळखायला त्या शिकत होत्या. एका संध्याकाळी दवाखान्यात लाइन गेली आणि त्या किंचाळू लागल्या. भोयर हात धरून बोलत होते. अंधारात ते त्यांना कळण्याचा मार्गच नव्हता.

गुरुवारी त्या घरी यायच्या होत्या. आमच्याकडे लाइन रोज संध्याकाळी जाई. त्याआधी गच्चीवरच्या प्लेटवर भरून दिवा लावणारी बॅटरी ठरायला हवी होती.

सावनेरहून मेहुणा गजानन मदतीला आला.

"मोटारीची घ्या ना भाऊजी. नवीकोरी भेटते."

"ते पैलवान आहे गा. एक धक्का जोरात देते अन् बसते. मले रोज चार तास पायी चालणारा पाहिजे."

"मंग ट्रकची?"

"तो मोठा पैलवान."

तीन दिवस हिंडून त्यांनी भंगारातून जाड पत्र्यांचे, दोन-दोन व्होल्टचे सहा सेल निवडले. प्रत्येकाचे ॲसिड मोजले, एकेकाला रात्रभर देखरेखीखाली ठेवले. मग आभाळ भरून आले. रविवारपासून भोयर दर तासाला गच्चीवर जात, आभाळ पाहत आणि खाली येत; उन्हाशिवाय सेल भरत नव्हते. बुधवारी ऊन पडले. दुपारी सेलची झाकणे काढून ठेवून ते डिस्टिल्ड पाणी आणायला गेले.

घरात नवी वस्तू आली आणि पूजा नाही, हे गजाननला पटले नाही. त्याने सेलच्या रांगेला हळदकुंकू वाहिले आणि नारळ फोडला.

भोयर दारात उभे राहिले. "काय टाकलं गा?"

"नारळपाणी. शुभ असते."

"कोणात?"

"सगळ्याइले थोडं थोडं देणारच होतो. पयल्यातच संपलं."

भोयरांनी सेलमध्ये वाकून पाहिले; तो नासला होता. त्यांनी तो सेल तारेतून सोडवला आणि अंगणात नेऊन ठेवला. पाच सेल म्हणजे दहा व्होल्ट. बारा व्होल्टचा बल्ब छताशी पिवळा पेटला. खोलीत माणूस उभा आहे एवढे दिसे, त्याचा चेहरा दिसत नव्हता.

गजाननने चपला घातल्या. "मी आत्ता मोटारीची आणतो भाऊजी."

"चार दिवस चालंल. तिले भरवसा बसंल, अन् मंग एक दिवस मधातच बंद पडंल. ते नाही पाहिजे."

गुरुवारी दुपारी वहिनी आल्या. त्या कोणाकडेच नीट पाहत नव्हत्या. खिडकीतला उजेड उतरू लागला तशा त्या खुर्चीची दांडी घट्ट धरून बसल्या. मी आणि गजानन भिंतीशी उभे होतो; भोयर बराच वेळ आत होते. सातच्या सुमारास ते बाहेर येऊन खुर्चीत बसतात न बसतात तोच लाइन गेली. वहिनींचा श्वास मोठा झाला. भोयरांची बोटे खटक्यावर चुकली, पुन्हा चाचपडली.

बल्ब पेटला, पण छताशी नाही. भोयरांनी तार खाली सोडून तो स्वतःच्या खुर्चीच्या वर, कपाळापासून वीतभर अंतरावर आणला होता. बाकीची खोली अंधारातच राहिली. दिसत होता फक्त त्यांचा चेहरा. तो मी क्षणभर ओळखला नाही. लग्नाच्या आधीपासून राखलेली भरघोस मिशी त्यांनी उतरवली होती. वरचा ओठ गोरा आणि उघडा पडला होता.

वहिनी बराच वेळ त्या ओठांकडे पाहत राहिल्या. दांडीवरची त्यांची पकड सुटली.

"खि-च-डी टा-कू का?" भोयर तोंड मोठे उघडून, मानेच्या शिरा ताणून, शेजाऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले.

"ओरडून काहून राहिले?" वहिनी म्हणाल्या. "दिसून राहिलं मले."